धाकट्याचे चाळीस सेकंद

३ मार्च, सोमवार
इन्स्पेक्टर बाई स्वतः लाँड्रीत आल्या. हातातली इस्त्री बाजूला ठेवा म्हणाल्या. वाटलं, धाकट्याचं काही बरंवाईट — पण नाही. जिवंत आहे माझा भाऊ. मी कामावर असते त्या वेळात आमच्याच गल्लीत नशेच्या पुड्या विकतो! यांनी त्याचं गुपचूप चित्रीकरण केलंय.

रोज दारावरून जात होता, आणि मी इथे लोकांचे शर्ट इस्त्री करत होते.

बाई म्हणाल्या, "धाडी टाकून बघितल्या. चार उचलले की आठवड्यात दुसरे चार उभे. आता ज्यांनी मारामारी केलेली नाही, त्यांना घरच्या माणसासोबत बोलावतोय. पुरावा दाखवायचा. बंद केलं तर फाईल कपाटात, नाहीतर कोर्टात. शुक्रवारी चार वाजता घेऊन या त्याला."

घेऊन या म्हणे! अकरा महिने तोंड दाखवलेलं नाही. वर म्हणतात, ज्याचं तो ऐकतो असं माणूस हवं. सहा वर्षांचा होता तेव्हापासून माझं ऐकत नाही तो.

५ मार्च
रजा टाकून दिवसभर दारात बसले. आला नाही. दार उघडं दिसलं असणार.

६ मार्च
शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवला. उद्या चार वाजता, चौकीत, पकडणार नाहीत. काकू म्हणतात, "आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

७ मार्च, शुक्रवार
एकटीच गेले. बाकी चौघं आले होते, कुणी आईबरोबर, कुणी वडिलांबरोबर. एका वडिलांनी मुलाचं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही. हेवा वाटला मला.

दिवे मालवून भिंतीवर दाखवलं. धाकट्याचे चाळीस सेकंद. किती वाळलाय! पुडी कधी दिली ते मला दिसलंच नाही. तो खांद्याला कान घासत होता, लहानपणची खोड — मी तेवढंच बघत बसले.

"परत लावता का?" बाईंना वाटलं, माझी खात्री पटली नाही. लावलं. मग म्हटलं, आणखी एकदा.

तिसऱ्यांदा संपल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबते. मग वॉरंट."

मी विचारलं, त्याचं आणखी काही चित्रीकरण आहे का तुमच्याकडे? लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

९ मार्च, रविवार
त्याची गादी उन्हात घातली. आला तर एका शब्दाने विचारणार नाही. नुसतं आत येऊन पंखा लावून आडवं पडू दे. त्याचं घोरणं कानावर नाही म्हणून मला झोप लागत नाही, हे सांगायचं कुणाला?

१० मार्च, सोमवार
आला. सरळ चौकीत, मी सकाळपासून वाट बघत बसले होते तिथे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. "ताई, बारीक झालीस" — हा मला सांगतोय! सगळं बंद करतो म्हणाला. उद्यापासून व्यसनमुक्ती केंद्रात जागा आहे.

मग बाईंनी अट वाचली. केंद्रातून सुटला तरी वर्षभर आमच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर फाईल कोर्टात.

म्हटलं, घर गल्लीतच आहे. "माहीत आहे," म्हणाल्या.

खाली घरच्या माणसाची सही हवी होती. मी केली.