वाढदिवसाचा ऊद

उत्तर सरहद्दीवरची छावणी

नोलाला, माझ्या आईस,

रूफिलुसचा नमस्कार. तू धडधाकट असशील, तर मीही तसाच आहे. तू पाठवलेले लोकरी मोजे मापाला अगदी बरोबर बसले. खोकलाही जवळजवळ गेलाय, उगीच काळजी करत बसू नकोस.

परवा माझा वाढदिवस झाला. इथे तो कोणालाच ठाऊक नाही. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून मिळालेली उदाची चिमूट मी त्यासाठीच जपून ठेवली होती. आपल्यासारखी देवळी इथे कुठली? खोलीतल्या शेगडीवरच टाकली आणि माझ्या पाठीराख्या देवाला नमस्कार केला. डोळे मिटले, तर तू चुलीपासून ओरडतेयस असं वाटलं, "आधी देवाला, मग त्या मधाच्या पोळीला हात लाव!"

तेवढ्यात माझ्या खोलीतला मासुओ आला. वास येताच दारातच थबकला.

"कोण गेलं रे?" त्याने हळूच विचारलं.

"कोणी नाही. माझा वाढदिवस आहे."

"मग आधी सांगायचं ना, गाढवा! इथे ऊद जळतो तो चितेवरच."

मग त्यानेच मला जवाची दारू पाजली. या हिवाळ्यात तो वास बऱ्याचदा आला, हे खरं.

सेकुंदाताईचं बाळ रांगायला लागलं का? बाबांचा गुडघा काय म्हणतो?

आई, परवा तू माझ्या नावाने देवळीपुढे ऊद टाकलास ना? दर वर्षी टाकत जा. माझं पत्र आलं नाही, तरी वाढदिवसाचाच म्हणून टाक.

तुझाच,
रूफिलुस