मातीत राहिलेली जाळी

१४ मार्च

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठणठणीत.

आईच्या शिवणखोलीतला कोबा फोडला. घालायला एक सकाळ लागली होती. फोडायला दोन गडी आणि दीड दिवस, अन् तुला हे पत्र लिहायला पाच महिने.

कोबा घालायच्या आदल्या दिवशी तू बजावलं होतंस, "बाबा, लोखंडी जाळी नुसती जमिनीवर पसरून उपयोग नाही. खाली ठोकळे द्या, ती काँक्रीटच्या मधोमध राहिली पाहिजे. नाहीतर जाळी नकोच, सरळ काँक्रीटमध्ये मजबुतीचे धागे मिसळा." मी गड्यांकडे वळून म्हणालो, "ऐका रे, इंजिनीअरबाई बोलतायत! अगं, मी पाट्या वाहून मोठा झालो. उद्या स्वतः उभा राहून ओल्या काँक्रीटमधून आकड्यानं जाळी वर ओढतो. तडा गेला तर मिशी उतरवीन." गडी हसले. तू ठोकळे परत पोत्यात भरलेस.

वर्षाच्या आत तडा गेला, मशीनपासून दारापर्यंत. मग एक बाजू बोटभर खचली. आई म्हणायची, "अहो, पाय अडकतो हो." मी म्हणायचो, "मग उचलून टाकावा!" आणि स्वतःच हसायचो.

आता मुद्द्याचं. आई गेली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, चक्कर येऊन पडली. तू फोनवर विचारलंस, "मी डॉक्टरांकडून बदलून आणलेली गोळी... तिच्यामुळे का हो?" वीट वाजवून कच्ची का पक्की सांगणारे माझे कान. तुझा आवाज त्यांना कळला नाही असं कसं होईल? तरी मी म्हणालो, "असेल."

चक्कर नव्हती गं. मी दारातच होतो. चपलेचं टोक तड्यात अडकलं. पडतानासुद्धा तिनं काखेतलं कापड सोडलं नाही. गोळीचा दोष नाही, तुझा तर मुळीच नाही. पाच महिने तू स्वतःला बोल लावत रडलीस, आणि मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो.

काल जाळी निघाली. हातानंच मातीतून उचलून आली, काँक्रीटचा कणही तिला चिकटला नव्हता. कोबा घालतानाही हाच मिस्त्री होता. त्याला माहीत होतं.

तुलाही माहीत असू दे. कोबा घातला त्या सकाळी आकडा कुणी हातात धरलाच नाही. मी नऊलाच दुसऱ्या कामावर निघून गेलो होतो.

तू म्हणशील तरच तुझा,
बाबा