बंद झालेल्या रायफलीचं जहाज

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
रविवार

सौ. प्रमिलाताईस,

धाकट्या दत्ताचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कंबर धरते, तेव्हा हा नमस्कार फुकटचा समजू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींनी मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदाचं उरकलं, की अजून मुहूर्तच बघताहेत? इकडे अर्चना ठणठणीत आहे. केया बारावीला आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे आमच्या घरात भांडणंसुद्धा दोन भाषांत होतात. फॅमिली ग्रुपवर लिहावं असं हे नव्हतं, म्हणून कागद घेतला. खालच्या मजल्यावरची वैभवी गुरुवारी पुण्याला निघाली आहे, ती तिथून पोस्टात टाकेल.

तर झालं असं. तू कॉलनीत सांगतेस की दत्ता स्पोर्ट्सच्या दुकानात आहे. ते काही खोटं नाही, पण त्यापायी मागच्या खेपेला आठल्यांनी नातवासाठी माझ्याकडे क्रिकेटची बॅट मागितली, आणि मी ती इथल्या मॉलमधून विकत घेऊन मिरजेला आणली. आमच्या दुकानात बॅटी नसतात, नेमबाजीच्या बंदुका असतात. बावीस वर्षं मी त्या विकतोय आणि आजवर एकही चालवलेली नाही (सुतळी बॉम्ब लावला की मी माजघरात जाऊन कान धरून बसायचो, ते तुला आठवत असेल). माझ्याकडे लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींचा विभाग. या रायफलीला घोड्याखाली एक कडी असते. ती खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, वर घेतली की नवं काडतूस आत बसतं. जुनी चाल आहे. आता जगात सगळं आपोआप होतं, त्यात ही आपल्या हाताने चालवायची. घेणारेही जुनेच, पांढऱ्या दाढीचे. ते काउंटरवर येतात, ती कडी दोनदा खालीवर करतात, आवाज ऐकतात, कॉफी पितात आणि जातात. दहातला एक विकत घेतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अमेरिकेतल्या कंपनीचा मेल आला. सुरुवातीला, ग्राहकांना अधिक उत्तम सेवा देता यावी म्हणून आम्ही आमची उत्पादनं सुटसुटीत करत आहोत, असं लिहिलं होतं. (ताई, कुठलीही चिठ्ठी आपल्या भल्यासाठी म्हणून सुरू झाली की तिथेच खाली बसावं.) पुढे यादी होती: लिव्हर-अ‍ॅक्शनची आठ मॉडेलं आणि तीन कॅलिबरं कायमची बंद. कॅलिबर म्हणजे नळीचं माप. चपलेच्या नंबरासारखं ते असतं, एकाचं काडतूस दुसऱ्याला होत नाही. म्हणजे घरात रायफल धडधाकट असली तरी तिच्या मापाचं काडतूस बंद झालं की ती भिंतीवर टांगायची. आमचा मॅनेजर रणजित (पुण्याचा, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतो आणि मेलमध्ये ‘डिअर टीम’ लिहितो, टीममध्ये मी एकटा असलो तरी) म्हणाला, काका, ज्यांच्या ऑर्डरी अडकल्यात त्यांना आजच फोन करून टाका, खलास. अशी ऑर्डर एकच होती. ती अबू एमानची.

अबू एमान म्हणजे अल ऐनचे एक म्हातारे, बंदरावर पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ‘अमक्याचा बाप’ म्हणतात. यांना मुलगा नाही, एक मुलगीच, एमान, तिथल्या विद्यापीठात शिकवते. लोक म्हणे कीव करायचे. यांनी तिचंच नाव लावलं आणि ते असं ठणकावून सांगायचे की पुन्हा कोणाची कीव करायची छाती होऊ नये. त्यांच्याकडे चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली याच मॉडेलची एक रायफल होती. एमान नेमबाजीत तयार झाली तेव्हा त्यांच्या मनात आलं की तिलाही अगदी तशीच, त्याच मापाची घ्यावी, आणि बापलेकींनी क्लबात शेजारी शेजारी उभं राहून एकदा तरी नेम धरावा. ऑर्डर देऊन चौदा महिने झाले होते. मी दर वेळी ‘पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला’ म्हणत होतो, आणि ते तेव्हा खरंही होतं.

मी फोन लावला. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. त्यांनी उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या त्या बंदरी हिंदीत सांगायला लागले की ते इस्पितळात आहेत, फुफ्फुसात गाठ निघाली आहे, डॉक्टर म्हणतात रमजान बघाल, ईद सांगता येत नाही. मग धाप लागली. मग म्हणाले, दत्ता, मेरा बंदूक किधर? मी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणालो, निकल गया, बाबा. जहाज में है.

ताई, खोटं बोलायला लागणारी अक्कल आपल्या घराण्यात नाही. मी बंदरावर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला जहाजाचं खोटं सांगितलं. पुढच्या बुधवारी सकाळी दहाला त्यांचा फोन, जहाजाचं नाव काय? मी म्हणालो, बघून सांगतो, आणि भिवाला गाठलं. भिवा (माझा मित्र, देवगडचा, शारजाकडच्या हमरिया बंदरात एका ट्रेडिंग कंपनीत आहे) ऐन कामात फोन केला म्हणून चिडला. समोर धक्क्याला जे जहाज लागलेलं होतं त्याचं नाव त्याने वाचून दाखवलं. मी ते अबू एमानना कळवलं. त्याच्या पुढच्या बुधवारी ते अगदी शांतपणे म्हणाले की त्यांनी चौकशी केली, ते जहाज सोमालियाहून मेंढ्या आणतं. मी म्हणालो, हो, पण या खेपेला थोडं इतरही सामान होतं. पलीकडे बराच वेळ नुसती धाप ऐकू आली, मग ते म्हणाले, अच्छा है, बकरी लोग पहरा देगा.

असे अकरा बुधवार. त्या रायफलीचा मी जेवढा प्रवास घडवला तेवढा आपल्या घराण्यात कोणी केलेला नाही. ती जिद्दाला अडकली, पेटी बदलली, कागदावर सही चुकीच्या रकान्यात झाली, सही करणारा साहेब उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, गेला. मंगळवारपासून मला जेवण जाईना. अर्चना म्हणाली, आजारी माणसाला फसवताय, पाप आहे. केया म्हणाली, “जस्ट टेल हिम, बाबा.” (मी म्हणालो, मराठीत सांग. तर म्हणाली, “मराठीतही तेच आहे.” तेवढं मात्र मराठीत बोलली.) शेवटी एका शनिवारी गाडी काढली आणि दीड तास मनातल्या मनात वाक्य घोकत अल ऐनला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आंबा बर्फी नेली. खोलीत शिरलो तर ते निम्मे झाले होते. नाकात नळी, हात चादरीवर, बोटं जराशी वाकलेली. बर्फीकडे बघून त्यांनी ती नर्सला द्यायला सांगितली. एमान खिडकीशी बसून पेपर तपासत होती. मी घसा साफ केला, सगळं वाक्य तोंडाशी आणलं, आणि पाच मिनिटांनी बाहेर पडलो तेव्हा रायफल दुसऱ्या जहाजावर चढवून आलो होतो. एमानने मान वर केली नाही. मला वाटलं, तिला हिंदी येत नसावी.

त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. रमजान सुरू व्हायला चार दिवस होते. बुधवारी दहा वाजता फोन वाजला नाही, मी सव्वादहापर्यंत त्याच्याकडे बघत बसलो, आणि मग रणजितने क्लबात कळलेली बातमी मला येऊन सांगितली. अगदी लाजेनं सांगतो, पहिल्या क्षणाला मला सुटल्यासारखं वाटलं.

समाचाराला गेलो. घराबाहेर मंडप घातला होता. पुरुष भिंतीकडेने बसलेले, कॉफी फिरत होती. मी पांढरा शर्ट घालून एका टोकाला बसलो. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून दर वेळी कप पुढे केला आणि चौदा कप प्यालो. (पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा, हे बावीस वर्षांत शिकलोय, पण त्या दिवशी आठवेना.) निघालो तेव्हा फाटकाशी एमान उभी होती. डोळे सुजलेले, आवाज अगदी सरळ. हिंदीतच म्हणाली, तुम्ही दत्ता ना, बुधवारवाले. मी माफी मागायला सुरुवात केली. जहाज नव्हतं, रायफल नव्हती, कंपनीने यादी काढली होती, सगळं एका दमात सांगायला लागलो. तिने मला थांबवलं.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “यादी इंटरनेटवर आली त्याच दिवशी मीच त्यांना वाचून दाखवली. तुमच्या फोनच्या आधी.”

मग तिने सांगितलं की ते मंगळवारपासून वाट बघायचे, उद्या दत्ता काय सांगतो म्हणून. मेंढ्यांच्या दिवशी हसता हसता त्यांची ऑक्सिजनची नळी निघाली आणि नर्स रागावली. एमानने एकदा म्हटलं होतं, बिचाऱ्याला का छळता, सांगून टाका तुम्हाला माहीत आहे म्हणून. तर ते म्हणाले, मला ऐकायला जेवढं जड आहे त्याहून त्याला सांगायला जड आहे, राहू दे. शेवटी शेवटी त्यांना भेटायला येणारे सगळे खरं बोलत होते, ती म्हणाली, आणि ते त्याला कंटाळले होते.

मग तिने विचारलं की वडिलांची जुनी रायफल आता तिच्या नावावर व्हायची आहे, घरात काडतुसांचा एकच डबा उरलाय, आणखी मिळतील का. ताई, ‘इन्शाल्ला’ माझ्या जिभेवर आलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “आता येणार नाहीत.”

तिने मान हलवली, आभाराचं ‘शुक्रन’ म्हणाली आणि आत गेली. मी गाडी सुरू केली, पण जागची हलवली नाही. बाहेर बेचाळीस डिग्री नव्हतं काही, फेब्रुवारी होता, पण एसी लावून बसलो.

असं सगळं. आता विभाग बंद झाला, काचेची कपाटं रिकामी झाली आहेत, तिथे दुर्बिणी यायच्या आहेत. आठल्यांच्या नातवाला बॅट लाभली का ते कळव. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक दे. इकडची काळजी नको.

तुझा,
दत्तप्रसाद

ता. क. — विभाग बंद झाला हे वर लिहिलं, विभागासोबत माझीही जागा गेली हे लिहायचं राहिलं. रणजितने आत बोलावलं, दार लावलं आणि कंपनी सुटसुटीत करतोय काका, म्हणाला. त्याचेच डोळे भरून आले, मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. व्हिसा पुढच्या महिनाअखेरपर्यंत आहे. केयाची परीक्षा झाली की निघू.

आणखी ता. क. — खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तीन महिने झाले, तू नानांबद्दल ‘तशी बरी आहे’ एवढंच लिहितेस. चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांची तब्येत ‘तशी बरी’ म्हणजे काय, ते मला आता कळतं. मी अकरा बुधवार तेच वाक्य निरनिराळ्या बंदरांतून बोललो आहे. खरं काय आहे ते लिही. मला हसू येणार नाही, पण मी वेळेवर पोचेन. आणि नानांचाही जरा अंदाज घे. मी दर रविवारी फोनवर त्यांना सांगतो की नोकरी छान चालली आहे, साहेब खूश आहेत. हे त्यांना खरं वाटतं का, ते बघ. वाटत असेल, तर माझं काही सांगू नकोस. वाटत नसेल, तर सांगायला काही उरलंच नाही.