तीन रकान्यांची शाळा

२ मे, शुक्रवार
पाणी आलं. म्हणजे शाळेला सुट्टी. आमच्या घरच्या शाळेत रविवार नसतो, पाण्याचा दिवस असतो. नळ कधी येईल ते महापालिकेलाही माहीत नसतं, त्यामुळे सुट्टीसुद्धा अचानक. सनाने मोटर लावली. हिबाने तांब्या-तांब्याने पिंप भरलं, निम्मं पाणी अंगावर. तिघंही भिजली, असं लिहिणार होते. दोघी.

दुपारी कपाटाच्या दारावरचं जुनं वेळापत्रक काढलं. चिकटपट्टीबरोबर दाराचा रंगही निघाला. नवं करायला बसले. पट्टीने रेघा मारल्या, कडेला वार लिहिले, आणि बघते तर लेकरांचे रकाने तीन आखलेले. कागद तसाच गादीखाली सरकवला.

५ मे
वरच्या मजल्यावरच्या शोभाताई जिन्यात भेटल्या. “शाहीन, आता तरी घालायलीस का नाय लेकरं शाळंत? किती दिवस घरी कोंडून ठेवणार गं?”

मनाने वाईट नाही बाई. पण राग आला तो आलाच. कोंडून कुणी ठेवलं? मधल्या जुनेदचं रक्ताचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्दी टाळा. आम्ही त्याला एकट्याला घरी ठेवला. मग सनाच्या वर्गातून कांजिण्या घरी आल्या, त्याला लागल्या, आणि पोरगं कसंबसं परत आलं. तो दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात मी तिघांची नावं काढून आणली, हिबाचं बालवाडीतलं. डी.एड. होऊन नोकरी लागली नव्हती, ती अशी लागली. मुख्याध्यापक मी, शिपाई मी, घंटाही मीच.

जानेवारीत तो गेला. शाळा चालू आहे. आता कशासाठी, हे शोभाताईंना सांगता येईना. म्हटलं, बघू.

९ मे
वेळापत्रक अजून झालं नाही. कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.

सगळं त्याच्या तब्येतीवर बेतलेलं होतं. सकाळच्या गोळ्यांनी मळमळायचं, दहाच्या सुमारास तो जरा माणसात यायचा. म्हणून जड विषय दहा ते बारा, तिघांचेही. सनाचं बीजगणित, त्याचे अपूर्णांक, हिबाची अक्षरं. बारानंतर तो झोपायचा, मग चित्रं, गोष्टी, जे हळू आवाजात होईल ते.

आता दहालाच का? मे महिना आहे, दहाला भिंती तापतात, कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. सातला बसलं तर घर गार असतं. सना हेच म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण दहा वाजले की मी हाक मारते, आणि दोघी बिचाऱ्या येऊन बसतात.

१४ मे
आमचा नियम असा होता की वरच्याने खालच्याला शिकवायचं. सना जुनेदला, जुनेद हिबाला. मला एकटीला तीन इयत्ता झेपल्या नसत्या, आणि मी दवाखान्यात असले तरी घरी धडा अडत नसे.

आज सनाला म्हटलं, हिबाला आता तू घे. हिबा बसेना. “आपा ज़ोर से बोलती.” मग मी घेतलं. तर माझ्या नावाने तक्रार, “अम्मी, तुम चुपच नै बैठते.”

जुनेद फार बोलायचाच नाही. दम लागायचा. नुसतं लिहून दाखवायचा आणि ती बघून बघून काढायची. तासभर दोघांचा आवाज नसायचा. मी स्वयंपाकघरातून डोकावून जायचे, झोपली की काय म्हणून.

असं शिकवणं मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. आज खूप रडले. हिबासमोर.

२१ मे
सनाचे अब्बू सध्या दुकानातच असतात. कूलरच्या मोटारींचा सीझन. रिवाइंडिंगचं काम करून बोटं काळी. जेवताना म्हणाले, “जून में दोनों को इस्कूल में डालदेते.”

मी म्हटलं, माझी शाळा बंद करायची आहे का?

ते म्हणाले, “शाहीन, वो जिसके वास्ते खोले थे...” ताटात भात तसाच राहिला.

मला त्यांचं कळतं. पण त्यांना दर शुक्रवारी नमाजनंतर जायला कब्रस्तान आहे. आमच्यात बायका जात नाहीत. ते जाऊन माती बघून येतात, उभे राहतात, बोलत असतील काहीतरी. मी कुठे जाऊ? मला दहा वाजताची शाळा आहे. तीही काढून घेतली तर माझ्याकडे त्याचं काहीच उरत नाही. हे त्यांना तोंडाने सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कुकर घासत बसले.

२६ मे
आज सनाशी भांडण. तिला नववीला शाळेत जायचं आहे. कधीपासून मनात होतं, बोलत नव्हती.

मी म्हटलं, शाळेत गेलीस की सर्दी-खोकला सगळा घरी येणार. तोंडातूनच गेलं. इतकी वर्षं हेच वाक्य बोलत आले.

सना म्हणाली, “आला तर आला, अम्मी. आता घरात कुणाला काय होणार आहे?”

शांतपणे म्हणाली. शाळेच्या वेळेत मराठी बोलायचं हा आमचा दुसरा नियम, तोही पाळून म्हणाली. मग स्वतःच घाबरली आणि माझ्या गळ्यात पडली. कांजिण्या आपण आणल्या असं ही पोरगी अजून मनात धरून बसली आहे का? विचारायचं धाडस झालं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला मी काय काय उचलायला लावलं.

३० मे
सनाची ॲडमिशन केली. तिथे छोटीशी चाचणी घेतली, गणितात तिने वर्गशिक्षकांनाच चूक दाखवली म्हणे. मला आनंद झाला. खरंच झाला. घरी येताना तिच्यासाठी उस्मानपुऱ्यातून दप्तर घेतलं, तिने निळं निवडलं.

हिबाचं मात्र मी म्हटलं, पुढच्या वर्षी. अजून लहान आहे. अब्बू म्हणाले, सहा की हुई. मी म्हटलं, मग? त्यांनी दुकानाची किल्ली उचलली. सवय झाली आहे त्यांना.

म्हणजे आता एकच रकाना. तो तरी राहू दे.

६ जून, शुक्रवार
उद्या बकरी ईद. यंदा मेंदी वगैरे काही नको म्हटलं होतं, पण अब्बूच कोन घेऊन आले. लेकरांचा सण आहे, बरोबरच आहे त्यांचं.

हिबाने सनाच्या तळहातावर वेल काढली. ठिपके, पानं, मध्ये चाँद. चांगली काढते. मी कांदे चिरता चिरता बघत होते आणि एकदम सुरी थांबली. कोन उजव्या हातात.

हिबा डावखुरी आहे असं मी सगळ्यांना सांगत आले. पण ती जेवते उजव्याने, ब्रश उजव्याने, चेंडू उजव्याने. पेन्सिल तेवढी डाव्या हातात.

विचारलं, बेटा, लिहिताना हा हात का?

“भाई ऐसेच लिखता था.”

जुनेद डावखुरा नव्हता. त्याच्या उजव्या हाताला सुई असायची, खाली फळी बांधलेली, हलवायचा नाही. वॉर्डात पडल्या पडल्या तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि पुढे सुई नसली तरी तसाच लिहीत राहिला. मी आई, आणि मी विसरूनच गेले होते की तो आधी उजव्याने लिहायचा. त्याच्यासमोर बसून हिबाने अक्षरं काढली ती हातासकट.

नंतर तिच्या वह्या काढून बघितल्या. खाली झुकलेली ओळ. अनुस्वार मोठा गोल गरगरीत. सगळं त्याचं आहे. अडीच-तीन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं आणि मला दिसलं नाही. कांदे तसेच राहिले, सनाने चिरले.

९ जून
अब्बूंना सांगितलं. बराच वेळ हिबाची वही उलटीसुलटी करत बसले. मग म्हणाले, “अभी छोटी है. सीधे हाथ की आदत डाल, हो जाती.”

मी म्हटलं, खबरदार कुणी हात लावला तर.

एवढ्या मोठ्याने म्हटलं की शोभाताईंनी वरून विचारलं, “काय झालं गं?” काय सांगू, काय झालं.

११ जून
सना दप्तर भरून ठेवते, काढते, परत भरते. हिबा तिच्या मागे मागे. आज दहाला आम्ही दोघीच बसलो, तालीम म्हणून. मी, हिबा आणि पाटी. हिबा मधेच म्हणाली, “अम्मी, आपा गई तो मैं अकेलीच?”

मी म्हटलं, मी आहे ना.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुणी आहे. मग “हौ” म्हणाली, माझं मन राखायला. सहा वर्षांचं लेकरू माझं मन राखतंय.

शाळेत घातलं तर तिथे तो हात किती दिवस टिकेल? नाही घातलं तर ही माझ्याबरोबर या खोलीत बसून राहणार, माझ्यासाठी. दुपारभर हाच घोळ.

१२ जून, गुरुवार
गेले. पहिलीच्या बाईंना भेटले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. बसमध्ये, रिक्षात, सगळीकडे मनात वाक्यं जुळवली. मुलीचा हात बदलायचा नाही, बदलला तर मी वरपर्यंत जाईन वगैरे.

बाई म्हणाल्या, “डावखुरी आहे का? असू द्या की. आमचा धाकटा पण डावखुराच आहे. आता कुणी हात बदलत नाही हो.”

संपलं. एवढं मोठं भांडण सोबत नेलं होतं, तसंच घरी आणलं. ती डावखुरी नाही हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

हिबाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली.

१६ जून
दोघी गेल्या. हिबा रडली नाही, वळूनही बघितलं नाही. शोभाताई म्हणाल्या, “लई गुणाची लेकरं हायत तुझी.” खाली जिन्यापर्यंत सोबत आल्या, परत येताना माझा हात धरून. मला बरं वाटलं.

दहाला हाक मारली नाही. गॅसचा ओटा पुसला. परत पुसला. साडेदहा झाल्यावर कपाटाच्या दाराकडे बघितलं तर रंग निघालेला चौकोन तेवढा दिसतो. अब्बूंना रंग आणायला सांगितलं पाहिजे.

२० जून
पाणी आलं आणि शाळाही होती. हिबा चिडली, पाण्याच्या दिवशी शाळा कशी काय भरते? बाईंना विचारते म्हणाली. विचारलं की नाही माहीत नाही.

पिंप एकटीने भरलं. कंबर धरली.

सनाला मैत्रिणी झाल्या आहेत. फोनवर हसत होती. ती हसली की आधी मला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. हे कधी जाईल?

२६ जून, गुरुवार
हिबा गृहपाठ करत होती. मी भाजी निवडत समोरच. वहीभर वेडीवाकडी अक्षरं, दाब इतका की मागच्या पानावर उठलेली. ओळ सरळ. मला आधी कळलंच नाही काय वेगळं आहे. मग पेन्सिल बघितली. उजव्या हातात.

बाईंनी सांगितलं का? नाही. आपाने? अब्बूने? नाही, नाही.

“सिद्धी को मेरा हाथ लगता अम्मी. उसका बिगड़ता.”

सिद्धी तिच्या बाकावरची. ही बसते बाकाच्या उजव्या टोकाला, सिद्धी डावीकडे. हिचं डावं कोपर आणि तिचं उजवं, एकमेकांना लागतात. सिद्धी कुरकुरली असेल. तर हिने हात बदलून टाकला. कुणाची जबरदस्ती नाही, रडारड नाही. खेळताना जागा बदलतात तसा.

मी विचारलं, तुला कुठल्या हाताने सोपं जातं?

“उस हाथ से.” डावा वर करून दाखवला, त्यावर पेनाचं फूल काढलेलं, सिद्धीने काढून दिलेलं. “पर सिद्धी मेरी दोस्त है अब.” आणि परत मान खाली घालून उजव्याने लिहायला लागली. जीभ बाहेर.

अगदी साधी गोष्ट आहे. हिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं की कोपर मोकळं राहील. सिद्धीला धक्का लागणार नाही, मैत्रीही राहील, हातही राहील. बाईंना दारात एकच वाक्य सांगायचं. बाई चांगल्या आहेत, लगेच ऐकतील. हिबालाही काही वाटणार नाही, उद्या डाव्याने लिहील, जुनेदसारखं, तशीच झुकलेली ओळ. मला रोज घरी बघायला मिळेल.

आणि नाही सांगितलं तर महिनाभरात ही अक्षरं सुधारतील. तिची स्वतःची होतील.

अब्बू म्हणतात, सकाळी दुकानाला जाताना मीच सोडतो तिला. मी म्हटलं, नको, मी जाते, बाईंशी बोलायचंय. भांडी झाली, त्यांना म्हटलं, राहू द्या, तुम्हीच जा. आत्ता परत विचारतायत, नक्की कोण जाणार आहे, तसा गजर लावायला.