कोरी बाटली

सर, तुमच्यावर रागवायला मला फार उशीर झाला. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती.

धुळ्याच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. तापीच्या डोहात पाणमांजर पाहिलं म्हणून धावत तुमच्याकडे आले. तुम्ही वहीतून मान वर न करता, भरल्या वर्गात म्हणालात, "मुंगूस व्हई ते, पोरी." एरवी पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही, थट्टा करायची असली की तेवढी अहिराणी काढायचात. सगळे हसले. जिल्ह्यातल्या प्राण्यांची नोंद तेव्हा तुम्हीच करत होतात. पाणमांजरापुढे 'आढळले नाही' लिहून तुम्ही मोकळे झालात. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता मी जळगावला मेहरूणात राहते आणि तुमचंच काम करते, फक्त प्राणी न पाहता. पाण्यात वावरणारं जनावर लाळ, केस, विष्ठा मागे सोडतं. ते पाणी गाळायचं, गाळणीवरच्या कणांतला डीएनए तपासायचा, की कोण येऊन गेलं ते कळतं. मध्यंतरी त्याच डोहातली वाळू काढायला द्यायचं ठरलं. तिथं पाणमांजर आहे हे सिद्ध झालं असतं तर ते थांबणार होतं. काठावर केळीची बाग असलेले एक आबा पाणमांजर आहेच म्हणून मला सांगत होते, "शे ना ताई. मासा खाई जास नि काटा मन्हा बांधवर टाकी जास." मी हुरूपाने पाणी भरलं.

निकालात पाणमांजर सापडलं. सगळ्या बाटल्यांत सापडलं, कोऱ्या बाटलीतसुद्धा. कोरी म्हणजे जिला नदीचं पाणी लागताच कामा नये अशी. काठावर बसून तिच्यात नुसतं शुद्ध पाणी ओतायचं. तिच्यात काही निघालं नाही, तरच बाकीच्यांचा निकाल खरा. बाटल्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून, झाकण लावून आलेल्या. पण तुमचा दंडक काय? बाटली कुठलीही असो, आधी नदीच्याच पाण्याने विसळायची. कुणी विसरलं की त्याचं अख्खं प्रात्यक्षिक पुन्हा, वर चारचौघांत उद्धार. ते तुम्ही हातात इतकं भिनवलंत की मी कोरी बाटलीही विसळून घेतली. तपासणाऱ्यांनी सगळा निकाल बाद केला. त्यांचं काहीच चुकलं नाही.

दुसऱ्यांदा पाणी भरायची परवानगी मिळेस्तोवर डंपर डोहात उतरले होते. आबा बांधावर उभे होते. या खेपेला कोरी बाटली कोरीच निघाली, आणि बाकीच्याही. सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, पण अहवालात माझ्या ठाऊक असण्याला किंमत नाही. मी 'आढळले नाही' लिहिलं आणि सही केली. तुम्ही ते लिहिलंत तेव्हा पाणमांजर डोहात पोहत होतं, एवढाच काय तो फरक.

हे पत्र धाडणार तरी कुठे? तुमच्या घरी आता फक्त काकू आहेत. त्या अजून मला दिवाळीला बोलावतात, त्यांच्या हाती हे कशाला द्यायचं?

एक मात्र सांगून टाकते. दुसरा निकाल वाचला तेव्हा पाणमांजर गेलं याचं वाईट मला नंतर वाटलं. आधी संताप आला, तो तुम्ही खरे ठरलात याचा.