चिमीच्या उंचीवर

प्रिय वैशू,

आज तुझा फोटो भिंतीवरून खाली उतरवला. आई रुसून आतल्या खोलीत बसली आहे, आपली चिमी दुपारची झोपली आहे, आणि झालं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही. म्हणून तुलाच लिहितो.

तू तापानं गेलीस तेव्हा चिमी नुकती बसायला लागली होती. आता घरभर पळते आणि आपण करू ते करते. मी फोन कानाला लावला की ती चमचा लावते. आई पदर घेते, तर ही टॉवेल घेते. तुला किती हसू आलं असतं!

पण तुझ्याबद्दल तिला एकच गोष्ट शिकवली गेली. रोज सकाळी आई तिला उचलून फोटोसमोर नेते, म्हणते, "मम्मीले जय कर, बेटा." ती हात जोडते. मग तसेच शेजारच्या गणपतीच्या कॅलेंडरलाही जोडते. तिच्या लेखी तुम्ही दोघं सारखेच.

काल पांढुर्ण्याच्या बाजारात साडीच्या दुकानाबाहेर एका बाईचं मोठं पोस्टर होतं. चिमीनं माझ्या कडेवरून त्या बाईला हात जोडले. दुकानदार हसला, मीही हसलो. सौंसरला परत येताना बसमध्ये मात्र डोळे कोरडे राहिले नाहीत. तू तिला भिंतीवरच्या कुठल्याही बाईसारखीच वाटतेस का?

तिची आंघोळ झाली की तू तिच्या गालांवरून तळवे फिरवायचीस, मुठी आपल्या कानशिलांना टेकवून कडाकडा बोटं मोडायचीस. आता ती दृष्ट मी काढतो. पण माझी बोटं काही केल्या वाजत नाहीत. एकदा तरी नीट दाखवून जायचं होतंस! आवाज आला नाही तर दृष्ट निघत नाही, असं तूच म्हणायचीस. म्हणून मी जिभेनंच टक् टक् करतो. आई कपाळाला हात लावते.

आज सकाळी हार काढला आणि तुला संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेवलं, चिमीच्या उंचीवर. आई म्हणाली, "गेलेल्या मानसाचा फोटो असा खाली नाही ठेवत, बाबू." मी ऐकलं नाही.

चिमी आली. आता ही हात जोडणार, असं वाटलं. तिनं काचेवरून, तुझ्या गालांवरून, दोन्ही तळवे फिरवले. मुठी स्वतःच्या कानशिलांना टेकवल्या. आणि जिभेनं केलं, टक् टक्.

वैशू, तुझी दृष्ट काढली तिनं! माझी चूक जशीच्या तशी उचलून. हे बघायला कोणाला तरी बोलवावं म्हणून मी हाक मारली, तर तोंडून तुझंच नाव निघालं. मग तिथेच खाली बसलो.

फोटो आता तिथेच राहील. काच तिच्या खरकट्या हातांनी बरबटेल, मी पुसत जाईन. आईला हळूहळू समजावीन. आणि उद्या माझी बोटं वाजायला लागली, तरी मी जिभेनंच टक् टक् करीन. शब्द देतो.

तुझाच,
रवी