काचघराची किल्ली धाकटीला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, टेलिफोन कचेरीतली निवृत्त ऑपरेटर, विधवा, मूलबाळ नसलेली, पूर्ण शुद्धीवर राहून आणि चष्मा लावून हे स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, पण चालला नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत, कारण दर वेळी माझा कोणावर तरी नव्याने संशय बसत गेला.

१. राहते घर पुतण्याला, म्हणजे थोरल्या दिरांच्या मुलाला, मिळावे. तो आला की भिंतींवर टिचक्या मारून बघतो. जन्मभर कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला ते शेजारच्या खोलीतूनही ऐकू येते. "काकू, सहज आलो होतो," असे म्हणतो. सहज फोन करणारी माणसे मी उभा जन्म जोडून दिली. सहज कोणी काही करत नाही. तरीही घर त्यालाच, कारण छप्पर गळले की शिडीवर तोच चढतो. मात्र मागच्या अंगणातले काचघर या वाटणीत येत नाही. तिथे गाडी मावेल का, हे त्याने पावलांनी मोजून पाहिलेले मी खिडकीतून पाहिले आहे.

२. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना माझी झाडे छाटायची कात्री द्यावी. उन्हाळ्यात भिंतीशी ठेवलेली माझी बोगनवेल त्यांच्याकडे डोकावली की तिचा शेंडा गायब होई. "वाऱ्याने मोडला असेल हो," ते म्हणत. वारा इतका सरळ कापत नाही. यापुढे निदान धार असलेल्या कात्रीने कापतील.

३. आता काचघर. वकीलबाईंचे म्हणणे, इथे एक ओळ पुरे. मला पुरत नाही.

आमचे हे बोटीवर इंजिनिअर होते. एकदा परतताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोटाएवढी काडी घेऊन आले. "उष्ण मुलखातलं आहे, इथल्या थंडीत जगेल असं वाटत नाही," म्हणाले. "पण जगलं तर कोणाला देऊ नकोस. आपल्या दोघांचंच राहू दे." पुढच्या सफरीवर गेले ते आलेच नाहीत. काडी मात्र जगली. धोतऱ्याच्या जातीचे झाड, पण फुले खाली लोंबणारी, हातभर लांब, जर्द पिवळी. संध्याकाळी असा वास सुटे की रस्त्याने जाणारा थबके. मी त्याला भोंगा म्हणते. इथे हिवाळ्यात नळातले पाणी गोठते, म्हणून त्याच्यासाठी काचघर बांधले, हीटर बसवला. मग ऑर्किड आले, जास्वंदी आल्या. पण किल्ली माझ्या कमरेला, आणि फांदी कोणालाही नाही.

एका हिवाळ्यात सकाळी गेले तर सगळे काळे पडलेले. भोंग्याचे खोड दाबले तर बोट आत रुतले. हीटरचा प्लग काढून नीट बाजूला ठेवलेला होता. मी तिथेच पायरीवर बसले. हे गेल्याची तार आली होती तेव्हाही अशी बसले नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या खिडकीत भोंगा फुललेला दिसला.

"कुठून आणलास?"

"बाजारातून."

"खरं बोल."

"बरं, चोरली फांदी. तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा. मागितली असती तर दिली असतीस, ताई?"

"नसती दिली."

"मग?"

मी तिला तोंडावर म्हणाले, तुझा एकटीचाच उरावा म्हणून तू माझा मारलास. ती म्हणाली, "फांदी नेली. प्लगला मी हात लावला नाही." मी दार आपटून निघाले. कित्येक वर्षे आम्ही बोललो नाही. ती रस्त्यात दिसली की मी औषधाच्या दुकानात शिरत असे. दुकानदाराला वाटे मी फार आजारी आहे.

मग गेल्या वर्षी मी घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात न बोलावता धाकटी आली आणि उशाशी बसून राहिली. हिला काय हवे असेल, याचाच मी विचार करत होते. घरी आणताना पुतण्या गाडी चालवत होता. मध्येच म्हणाला, "काकू, एक सांगू? त्या हिवाळ्यात काचघरात फळी बसवायला आलो होतो ना, तेव्हा ड्रिलसाठी हीटरचा प्लग मीच काढला. परत लावायचा राहिला."

"तेव्हा का नाही बोललास?"

"तुमचा चेहरा बघून."

मी पट्टा घट्ट केला. गाडी त्याच्या हातात होती.

घरी काचघरात नवी कुंडी होती, तिच्यात गुडघाभर भोंगा. धाकटीने आपल्या झाडाची फांदी पाण्यात ठेवून, मुळे फुटल्यावर लावली होती. माझ्या कमरेची किल्ली इस्पितळात नर्सने तिच्याकडे दिली होती. मी तिला विचारले, प्लगचे तुला माहीत होते?

"होतं. त्यानेच रडत सांगितलं होतं."

"आणि माझ्या शिव्या खाल्ल्यास?"

"तू त्याला हाकलून दिलं असतंस, ताई. मग तुझ्याजवळ कोण राहिलं असतं? मी काय, भांडले तरी बहीणच."

तरी तिची पाठ वळल्यावर मी कुंडीतली माती उकरून पाहिली. मातीच होती.

सबब काचघर, त्यातली सर्व झाडे, आणि पुतण्याच्या अंगणातून तिथे जाण्या-येण्याचा हक्क धाकट्या बहिणीला मिळावा. भोंग्याचे पान, फूल, बी सगळे विषारी आहे. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. कोणी फांदी मागितली तर तिने द्यावी. यांच्या फोटोला मी तसे सांगून ठेवले आहे. या कलमाचा अर्थ मी माफी मागितली, असा कोणीही लावू नये.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: कुंड्या आत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, आकडा वकीलबाई घालतील.

सही: लिहिणारी

साक्षीदार, माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (त्यांना कलम दोन वाचू दिलेले नाही. कात्री मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही, असे वकीलबाई आत्ता सांगतात. तेव्हा यांची सही खोडली, कात्री ठेवली.)
२. पोस्टमनबाई
३. कोपऱ्यावरचा औषधवाला

धाकटी वाटेकरी, म्हणून सह्या होईपर्यंत तिला खोलीबाहेर थांबायला सांगितले आहे. ती किल्ली घेऊन काचघरात गेली आहे. खुर्ची थोडी वळवली तर इथून सगळे दिसेल. पोस्टमनबाईंनी विचारले, वळवू का? मी म्हटले, राहू दे.